वेळेआधी पोचल्याबद्दल अभिनंदन

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर. विमान ताशी 800 किलोमीटरनं उडतं असं धरून एखाद्या शाळकरी पोरानं गणित मांडलं, तर उत्तर पाऊण तासाच्या थोडं वर येतं. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपासचा आकडा असतो. पोराचं गणित बरोबर आहे. त्याला विमान कंपनी चालवायची नाही, एवढंच.

आता टॅक्सीवेवर रांगेत उभं राहायला, चढायला-उतरायला वेळ लागतो, हे मान्य. पण खरी गोम वेगळीच. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान सरकारी हिशेबात 'वेळेवर' धरतात. मग वक्तशीर व्हायला लवकर पोचायची गरजच काय? उशीर आधीच वेळापत्रकात घालून ठेवला की झालं. ही विद्या रेल्वेची. शेवटच्या दोन स्थानकांमध्ये गाडीला इतका ऐसपैस वेळ दिलेला असतो, की वाटेत रखडलेली गाडीही टर्मिनसला टेचात वेळेवर शिरते.

तर नागपूरचं विमान मुंबईवर येतं आणि घिरट्या घालू लागतं. खाली धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकीचाच उपयोग. अखेर चाकं टेकतात. 'आपण नियोजित वेळेच्या बारा मिनिटं आधी पोचलो आहोत,' अशी गोड घोषणा होते. पट्टे खटाखट सुटतात. अर्धं विमान माना वाकड्या करून उभं राहतं, वरच्या कप्प्यातले संत्रा बर्फीचे खोके शेजाऱ्याच्या डोक्याला घासत खाली येतात, 'उतरलो गं' असे फोन जातात. मग दुसरी घोषणा: विमान उभं करायची जागा अजून रिकामी नाही, कृपया बसून घ्या. कमावलेली बारा मिनिटं तिथल्या तिथे खर्ची पडतात.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी 2.7 किलोमीटरची विमानसेवा 1967 पासून चालू आहे. वेळापत्रकात प्रवास दोन मिनिटांचा. एकदा तर तो 53 सेकंदांत झाला. बिचारे भोळे लोक! आपल्या एखाद्या कंपनीनं तिथे पाऊण तास लावून घेतला असता आणि रोज त्रेचाळीस मिनिटं आधी पोचल्याबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं असतं.

जमिनीवरही हेच. 2025 च्या जूनमध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, म्हणजे विमानाच्या वाटेहून जेमतेम सोळा किलोमीटर जास्त. मुंबई-नागपूर आठ तासांत! फक्त हा महामार्ग मुंबईच्या बाजूला भिवंडीजवळ आमण्याला संपतो. तिथून दादर किती तास, असं विचारणारा विकासविरोधी.

वेळ ताणण्यात कंपन्या पटाईत, तर आवरण्यात आपलं विधिमंडळ. नागपूरचं 2024 चं हिवाळी अधिवेशन 16 डिसेंबरला सुरू होऊन 21 ला आटोपलंसुद्धा. विदर्भाचे प्रश्न सहा दिवसांत कसे मार्गी लागणार, अशी कुरकुर झाली. पण आमदारांची अडचणही समजून घ्या. शनिवारी संध्याकाळचं मुंबईचं विमान गाठायचं असतं, आणि ते चुकून वेळेवर सुटलं तर?