कोऱ्या पानाची परीक्षा

स्कॅन केलेलं पान कोरं आहे की नाही, हे संगणक सहसा काळे ठिपके मोजून ठरवतो. त्यांचं प्रमाण ठरावीक टक्केवारीच्या खाली गेलं की पान बाद. त्यामुळे वाळवीने चाळण केलेलं, मागची शाई उमटलेलं कोरं पान भरगच्च मजकूर म्हणून जपलं जातं आणि पेन्सिलीची फिकट सही असलेलं पान निकालात निघतं. ‘हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे’ असं छापलेलं पान अर्थातच कोरं नसतं. स्कॅनची बिघडलेली फाइल ओळखणंही असंच वरवर सोपं. जेपेग या चित्र-फाइलच्या अखेरीस ‘एफएफ डी९’ हे दोन बाइट नसतील तर फाइल अर्धवट समजायची. अशा फाइलमध्ये पानाचा खालचा भाग बहुधा करडा दिसतो. मात्र दोन्ही टोकं शाबूत ठेवून मधेच सडलेली फाइल ही तपासणी बिनबोभाट पास होते. ती पूर्ण उघडूनच पाहावी लागते, आणि नेमकं तेच टाळायला ही यंत्रणा बसवलेली असते.