प्रतिवादी उदमांजर

कोल्हापूरहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्याला, जिथे उसाचे फड विरळ होत जाऊन भाताची खाचरे सुरू होतात, तिथल्या बहुतेक गावांत मंगळुरी कौलांचे एखादे दुपाखी घर असते आणि त्या घराच्या सोप्यात महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेले एक रावसाहेब असतात. सरकारने त्यांना निवृत्त केलेले असते. त्यांनी सरकारला अद्याप निवृत्त केलेले नसते. त्यांच्या घरी दूध येत नाही, जमा होते. आणि न सांगता माहेरी गेलेली सून ही विनापरवाना गैरहजर असते.

माझ्या परिचयाच्या रावसाहेबांच्या माळ्यावर दोन वर्षांपूर्वी, ऐन मार्गशीर्षात, एक उदमांजर राहावयास आले. मांजराहून लांबट, करड्या-काळ्या अंगाचा, तोंडावर काळा मुखवटा चढवल्यासारखा दिसणारा आणि देहाइतकीच लांब शेपूट बाळगणारा हा प्राणी दिवसभर कौलांखाली निद्रासुख भोगी आणि मध्यरात्र उलटली की गंगावेशीच्या तालमीतल्या पठ्ठ्याने जोर काढावेत तसा आढ्यावर घुमू लागे. परसातल्या पपया, चिकू आणि एकदा खुराड्यातली तलंग एवढ्यावर त्याचा चरितार्थ चाले. अन्य कोणी गृहस्थ असता तर त्याने काठी उचलली असती. रावसाहेबांनी दौतीत टाक बुडवला, तांबड्या रुमालात बांधायचे एक नवे दप्तर उघडले आणि त्यावर सुवाच्य अक्षरांत ‘उदमांजर, अतिक्रमण बाबत’ असे लिहिले.

वन्य पशूंसंबंधी आपल्याला वंशपरंपरागत अधिकार आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे; त्या शिकारखान्यात रावसाहेबांचे आजोबा मांसाच्या हिशेबाची वही लिहीत. १९४९ साली संस्थान विलीन झाले, चित्ते तर देशातूनच नाहीसे झाले, परंतु वही लिहिण्याची ती वृत्ती मात्र या घरात कोणत्याही फेरफाराविना खाली उतरली.

पहिला पंचनामा गच्चीवरच्या विष्ठेचा झाला. तीत सापडलेल्या पपईच्या बिया त्यांनी धुऊन, वाळवून, पुडीत बांधून तीवर ‘मुद्देमाल’ असे लिहिले आणि ती पुडी खिडकीत ठेवली. वळवाच्या पावसात खिडकी उघडी राहिली, पुडी कुंडीत पडली आणि मुद्देमालास कोंब फुटले. आज त्या ठिकाणी पुरुषभर उंचीची पपई उभी आहे. उदमांजराच्या पोटातून आलेली बी रुजते, आणि जंगलातली कित्येक झाडे अशीच पसरतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा, “म्हणजे पुराव्यात वाढ झाली,” एवढेच ते म्हणाले.

शेजारच्यांच्या सल्ल्याने सुक्या मिरच्यांची धुरीही देऊन पाहिली. तिचा परिणाम अचूक झाला, फक्त इच्छित पक्षावर झाला नाही. घरातली सात माणसे रात्री एक वाजता अंगणात खोकत उभी होती आणि उदमांजर फणसावर बसून त्यांच्याकडे पाहत होते.

अमेरिकेतल्या भाच्याने दूरध्वनीवरून धीर दिला, की तिकडेही रॅकून नावाचा असाच मुखवटेधारी चोर माळ्यावर बिऱ्हाड करतो आणि कचऱ्याच्या डब्यांची झाकणे हातांनी उघडतो. जर्मनीत तर १९३४ साली रॅकूनच्या दोन जोड्या एका वनाधिकाऱ्याने सरकारी परवानगी हाती पडण्यापूर्वीच सोडून दिल्या, आणि आता त्यांचा वंशविस्तार त्या देशाला आवरेनासा झाला आहे. “परवानगीपूर्वी!” रावसाहेब उद्गारले. “मग दुसरे काय होणार?”

त्यांची खरी चिंता आवाजाची नव्हती, कोंबडीचीही नव्हती. बारा वर्षे बिनहरकत वहिवाट झाली की मालकी हक्क सांगता येतो, हे तत्त्व त्यांनी उभ्या हयातीत इतक्यांना समजावले होते, की मुदतीचा भंग व्हावा म्हणून प्रतिवादीस रीतसर नोटीस देणे त्यांना अपरिहार्य वाटले. त्या रात्री मी पंच होतो. रावसाहेब निम्मी शिडी चढले, डाव्या हातात विजेरी, उजव्या हातात कागद. वाशांमागे दोन डोळे निखाऱ्यासारखे चमकले, आणि “सबब तुम्हांस कळविण्यात येते की” येथपर्यंत वाचन आले असता प्रतिवादीने जांभई दिली. खाली उतरून त्यांनी शेरा मारला: ‘नोटीस स्वीकारण्यास नकार, पंचांसमक्ष वाशावर डकवली.’

अर्जावर अर्ज गेल्यावर अखेर एक तरुण वनरक्षक येऊन गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे, त्याला मारता येत नाही की पिंजऱ्यात धरता येत नाही, शिवाय तो उंदीर खातो, असे त्याने नम्रपणे सांगितले. मग कौलांवर टेकलेल्या फणसाच्या फांदीकडे बोट दाखवून तो म्हणाला, “ह्यो फाटा तेवढा छाटा, पिल्लं असली तर ती मोठी होऊन गेल्यावर फटीला जाळी मारा. मिटलं की, रावसाब.”

मिटलं! वनरक्षक नवखा होता. तो फणस रावसाहेब आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्या सामाईक बांधावर उभा आहे, आणि तो नेमका कोणाच्या हिश्शात, याचा दावा रावसाहेबांच्या वडिलांनी दाखल केलेला आहे. फांदी तोडावी तर चुलतभाऊ मनाईहुकूम आणणार; तोडण्याची संमती मागावी तर झाड त्यांचे आहे असे कबूल केल्यासारखे होणार. तेव्हा प्रतिवादी क्रमांक दोन रोज रात्री प्रतिवादी क्रमांक एकच्या वादग्रस्त मिळकतीवरून निर्वेधपणे जा-ये करीत राहिला, आणि दोन्ही दप्तरे एकाच रुमालात बांधली जाऊ लागली.

गेल्या भाद्रपदात माळ्यावरची वर्दळ थांबली. आठ दिवस शांतता पाहून घरच्यांनी आनंदाने गवंड्याला निरोप धाडला. रावसाहेबांनी तो परत फिरवला. मी गेलो तेव्हा ते सोप्यात दप्तर उघडून बसले होते. नव्या पानावर ‘प्रतिवादी गैरहजर’ असे लिहून त्यांनी खाली पुढची तारीख घातली होती: वैशाख, फणस पिकल्यावर.