मोठ्याने बोला, गोपनीय आहे

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात गोपनीयता फार जपतात. ती कपाटात ठेवून कुलूप लावलेलं असतं. किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेब जिल्ह्याला मीटिंगला.

परवा खोकला घेऊन केसपेपरच्या रांगेत उभा होतो. पुढे एक ताई, पदर गालावर ओढलेला.

"काय होतंय?" खिडकीने विचारलं. ताई काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्याने बोला, पंखा चालू आहे!"

ताईंचा आवाज आणखी खाली गेला. शेवटी खिडकीनेच रांगेच्या सोयीसाठी जाहीर केलं, "नवऱ्याने मारलंय! एमएलसी आहे, पोलीस केस!" शेवटचे आजोबा जरा बहिरे होते, त्यांना मधल्यांनी समजावून सांगितलं.

मग मोबाइल नंबर. घरात फोन एकच, तो नवऱ्याकडे. "ओटीपी गेलाय," खिडकी म्हणाली, "विचारून घ्या त्यांना." ज्याने मारलं त्यानेच आकडे सांगायचे, मग मलमपट्टी सुरू. याला डिजिटल आरोग्य म्हणतात.

कायदे नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाचं गुपित फोडायला डॉक्टरांना मनाई आहे. (खिडकी डॉक्टर नाही.) बलात्कारपीडितेची ओळख छापली किंवा प्रसिद्ध केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. (खिडकी छापत नाही, नुसती ओरडते.) गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव डॉक्टरांनी फोडलं, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार वर्षभरापर्यंत कैद. लैंगिक अत्याचाराच्या तपासणीसाठी आडोशाची वेगळी जागा हवी, असं केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तशी खोली आमच्याकडेही आहे. सध्या तिच्यात पल्स पोलिओचे बॅनर राहतात.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला 'दिलासा' केंद्र काढलं. तिथे मार खाऊन आलेल्या बाईशी दार लोटून बोलतात म्हणे. दार लोटायला काही फार निधी लागत नसावा. पण आमच्याकडे आधी दाराचं टेंडर निघेल.

आठवड्याने खोकल्याचं औषध संपलं, तेव्हा त्याच ताई पुन्हा खिडकीशी दिसल्या. तपासणीच्या अहवालाची प्रत मागत होत्या. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांप्रमाणे ती त्यांना फुकट मिळायला हवी.

खिडकीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ते नाही देता येत, ताई. गोपनीय असतं."

"अहो, पण माझाच आहे ना?"

"म्हणून तर. असा कोणालाही देता येत नाही." खिडकीने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी कुजबुजत उपाय सांगितला, "मिस्टरांना पाठवा. त्यांची सही आणा, लगेच देतो."