पडवीतले भाविक

रविवारी सकाळी मिस्साची दुसरी घंटा झाली की मालवण किनाऱ्यावरच्या लहानशा चर्चमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली असते. पुढच्या बाकांवर आज्या, हातात जपमाळ. त्यांच्यामागे शाळेची पोरं आणि पोरांवर डोळा ठेवायला एक सिस्टर. मग लेकुरवाळी कुटुंबं, मग नुकती लग्नं झालेली, मग उशिरा आलेली. शेवटच्या बाकामागे दार. दाराबाहेर पडवी. आणि पडवीच्या खांबाला खांदा टेकून, मोटरसायकलची चावी बोटात फिरवत, कडक इस्त्रीच्या शर्टात उभा असतो तो आपला नायक.

आत जागा नाही म्हणून हा बाहेर राहिला, अशी नवख्या माणसाची समजूत होते. आतले चार बाक रिकामे असतात. बरं, हा नास्तिक म्हणावा तर एक रविवार चुकवत नाही. ज्या दिवशी खांबाला खांदा दिसत नाही, त्या दिवशी आज्या एकमेकींना विचारतात, 'काय रे बाबा, बरा आसा मां ह्येका?' देवावर त्याचा विश्वास पक्का आहे. फक्त तो विश्वास जरा वाऱ्यावर उभं राहून ठेवायचा, हे घराण्यात चालत आलंय. बाप याच खांबाशी उभा राहायचा. आजोबा समोरच्या.

सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढून सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, बिशप सावंतवाडीला बसू लागले आणि तिथलं मिलाग्रिस चर्च कॅथेड्रल झालं. पाद्री तर दर काही वर्षांनी बदलतातच. पडवीची घडी मात्र एवढ्या उलथापालथीत कुणी विस्कटू शकलेलं नाही.

पडवीतल्या माणसाचा धर्मशास्त्राचा अभ्यास आतल्यांपेक्षा जास्त असतो, याची फारशी कुणाला कल्पना नसते. आतल्याला काही सिद्ध करायचं नसतं. याला दर रविवारी दुपारी जेवताना बायकोपुढे सिद्ध करायचं असतं. चर्चचा कायदा, म्हणजे १९८३ ची कॅनन संहिता, १२४७ व्या कलमात सांगते की रविवारी मिस्सात सहभागी होणं बंधनकारक आहे. किती फुटांवरून, ते लिहिलेलं नाही. शिवाय बापाकडून आलेला एक जुना दाखला त्याच्या खिशात कायम असतो. पूर्वीचे नीतिशास्त्री पंडित मिस्साचे तीन मुख्य भाग धरत: अर्पण, पवित्रीकरण आणि कम्युनियन. एवढं गाठलं की रविवार पदरात पडला. वाचनं आणि प्रवचन या तिन्हींच्या आधी येतात, ही शास्त्रकारांनी पडवीवर केलेली मेहेरबानी. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ च्या दस्तऐवजात शब्दविधी आणि अर्पणविधी मिळून एकच उपासना होते असं स्पष्ट केलं, पण मालवणात काही गोष्टी उशिरा पोचतात.

कम्युनियनपूर्वीच्या उपासाचंही तसंच. आजोबांच्या काळी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही पोटात जाता कामा नये असा दंडक होता. १९५७ साली तो तीन तासांवर आला, १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी एका तासावर आणला. हा तास मिस्साच्या सुरुवातीपर्यंत धरायचा नसून कम्युनियनपर्यंत धरायचा असतो, हा बारकावा पडवीनं अचूक हेरलाय. सातचा मिस्सा, म्हणजे कम्युनियन पावणेआठच्या सुमाराला, म्हणजे पावणेसातपर्यंत टपरीवरचा चहा आणि पाव धर्माला धरून आहे. प्रवचन लांबलं तर आणखी पाच-दहा मिनिटांची सवलत मिळते. लांब प्रवचनाचा पडवीला दिसलेला हा एकमेव फायदा.

प्रवचन ही खरी कसोटी. गॉस्पेल संपतं, आतले लोक बसतात, बाकांचा करकर आवाज होतो, आणि त्याच आवाजाच्या आडोशानं पडवी पायऱ्या उतरून झाडाखाली जाते. इथं आठवड्याचं कामकाज सुरू होतं. कोणाची होडी वर काढली, कोणाचा मुलगा दुबईहून आला, डिझेलचा भाव, पंचायतीचा रस्ता, रापणीला काय लागलं. कान मात्र आत असतात, कारण स्पीकर. सूर खाली आला की प्रवचन संपत आलंय, हे पडवी सुरावरनं ओळखते. सूर खाली येऊन पुन्हा वर चढला की झाडाखाली एक सामुदायिक सुस्कारा निघतो. 'आजून एक मुद्दो आसा.'

१२ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये जमलेल्या लोकांपुढे सांगितलं की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांब नसावं, नाहीतर लोकांना झोप लागते. २०१८ मध्ये त्यांनी दहा मिनिटं म्हटलं होतं. पोपचं कुठलंही परिपत्रक मालवण किनाऱ्यावर इतक्या वेगानं फिरलं नसेल. ज्यांनी त्यांचं एकही पत्र उघडून पाहिलं नव्हतं, त्यांच्या मोबाइलवर ही आठ मिनिटं दुपारच्या जेवणाआधी आली होती. नवव्या मिनिटाला घड्याळ दाखवण्याचा अधिकार त्या दिवसापासून पडवीला मिळाला आहे. (खरं तर फ्रान्सिस यांनी हे पाद्र्यांना उद्देशून सांगितलं होतं, पण कायद्याचा अर्थ ज्याला गरज असते तोच नीट लावतो.) याच किनारपट्टीत, थोडं खाली गोव्यात, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या! त्या काळी पडव्या किती भरत असतील याचा नुसता अंदाज करावा.

प्रवचन टाळण्याला आणखी एक सबळ कारण तो देतो. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. आज लाजरस कबरीतून उठला, तो तीन वर्षांपूर्वीच्या उपासकाळातही याच रविवारी उठला होता. 'माका आयकाक नको, माका पाठ आसा.' आणि हे खोटं नाही. आतल्या कुणाला विचारलं तर गेल्या रविवारचं गॉस्पेल आठवणार नाही. याला आठवतं.

चक्रात एक रविवार असा येतो की पडवी रिकामी होते. ४ मे २०२५ ला तो आला होता. योहानाच्या एकविसाव्या अध्यायाचा. सात शिष्य रात्रभर तिबेरिया सरोवरात जाळं टाकून बसले, हाताला काही लागलं नाही. पहाटे काठावरनं येशूनं सांगितलं, होडीच्या उजव्या बाजूला टाका. जाळं भरलं. एकशे त्रेपन्न मोठे मासे. हा विषय धर्माचा असला तरी धंद्याचाही आहे, त्यामुळे सगळे आत येऊन शेवटच्या बाकामागे उभे राहतात. फादर डोंगराकडच्या भागातले असले तर त्यांच्या कपाळावर घाम दिसतो, कारण पाठीमागे हाताची घडी घालून जे उभे आहेत त्यांना जाळं म्हणजे काय ते माहीत आहे. नंतर झाडाखाली जी चिकित्सा होते ती कुठल्या सेमिनरीत होत नसेल.

'मासे मोजूक कोण बसलो हुतो?'

'लिलावाक हाडले आसतले. मोजल्याशिवाय रेट कसो गावतलो?'

'पेत्रान कपडे घालून पाण्यात उडी मारली, असा लिवला हा. उडी मारूच्या आधी कपडे घालता कोण?'

यावर बराच वेळ शांतता पसरते, कारण मजकुरात खरोखरच तसं लिहिलेलं आहे. शेवटी सगळ्यात म्हातारा पडवीकर निकाल देतो. त्याच अध्यायात म्हटलंय की एवढे मासे असूनही जाळं फाटलं नाही. 'मासे गावतत रे कधी कधी. जाळा फाटला नाय, ह्यो खरो चमत्कार.' नुकतंच जाळं शिवायला पैसे मोजून आलेले तिघेचौघे मान डोलावतात.

आठवड्याचे बाकीचे दिवसही तो चर्चच्या आसपासच असतो, आणि तेही बाहेरूनच. बुधवारी संध्याकाळी नोव्हेना. बायकोला स्कूटरवरनं सोडायचं आणि गेटजवळ थांबायचं. शनिवारी वाड्यावाड्याच्या पाळीनं चर्चची झाडलोट. बायका आत फरशी पुसतात, हा बाहेर शिडी धरतो. उपासकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट, चौदा ठाणी. जिथं ही ठाणी अंगणात आहेत तिथं त्याच्याइतका नियमित माणूस नाही.

शुक्रवारच्या प्रायश्चित्ताचं मात्र या किनाऱ्यावर काही जमलेलं नाही, हे कबूल करायला हवं. उपासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात, हा नियम ज्यांनी केला त्यांनी मालवणची मासळी बाजारपेठ पाहिली नसावी. तिथं शुक्रवार म्हणजे सुरमईचा दिवस. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी काटेकोर शाकाहारी असणारे हिंदू शेजारी याच्या पिशवीकडे पाहून म्हणतात, 'तुमचो उपास आमका व्हयो.' आपला नायक तसा सरळ माणूस. त्या दिवशी तो सुरमईकडे बघतो, मनावर दगड ठेवतो आणि बांगडे घेतो. हे त्याचं प्रायश्चित्त.

२०२० च्या मार्चमध्ये देवळं, मशिदी, चर्च सगळी बंद झाली. महाराष्ट्रात ती उघडली त्या वर्षीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद, आणि पुन्हा उघडली ती ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी. मधल्या काळात मोबाइलवर मिस्सा. बायको माजघरात फोन टेबलावर उभा करून मेणबत्ती लावून बसायची, आणि हा घरच्या पडवीत, दाराला खांदा लावून. प्रवचन सुरू झालं की माडांना पाणी घालायला जायचा. चर्च उघडलं तेव्हा फादरांनी वेदीवरून सांगितलं की माणसामाणसांत अंतर ठेवा, हवा खेळती असेल अशा जागी उभे राहा, आत गर्दी करू नका. तीन पिढ्यांच्या तपश्चर्येला अधिकृत मान्यता मिळाली होती. त्या रविवारी तो खांबाशी जरा ताठ उभा होता.

त्याला बघायचं असेल ते मे महिन्यात. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, आणि गोव्यासारखीच इथंही रस्त्याकडेच्या खुरसांपाशी संध्याकाळी लादीन, म्हणजे लितानीची प्रार्थना, होते. खुरसाला चुना, फुलांच्या माळा, मेणबत्त्या, एखादं व्हायोलिन. इथं आत नाही, बाहेर नाही, बाक नाही, पडवी नाही, सगळेच रस्त्यावर. आणि हा एकदम पुढे. लॅटिन लितानीचे प्रतिसाद याला तोंडपाठ, सूर वरचा. रविवारी ज्यांनी त्याचा आवाज कधी ऐकला नाही ती पोरं चकित होतात. शेवटी उकडलेले चणे वाटायचे तेही त्यानेच. मयत झाली की शवपेटीचा पुढचा दांडा याचा, सिमितेरीत माती लोटायला पहिलं फावडं याचं. पाम संडेला झावळ्या कोणाच्या माडाच्या, हे विचारायची गरज नाही.

पाद्र्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. एका तरुण फादरांनी पडवीत स्पीकर बसवला. पडवी झाडाखाली सरकली. त्यांच्यानंतरच्यांनी स्पीकर झाडावर टांगला. पडवी मोटरसायकलींपाशी गेली. तिसऱ्यांनी प्रेमाचा मार्ग धरला आणि पडवीत दहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. पुढच्या रविवारी आतले सहा जण बाहेर येऊन बसले. चौथे सगळ्यांत धूर्त. त्यांनी नायकाला पॅरिश कौन्सिलवर घेतला आणि जबाबदारी दिली, बाहेर थांबणाऱ्यांना आत आणायची.

त्यानं ती फार मनापासून घेतली. आता त्याच्या गळ्यात कौन्सिलचा बिल्ला असतो. कोण उशिरा आला, कोण झाडाखाली रेंगाळला, कोणाची गाडी गेटात आडवी लावलीय, सगळ्यावर त्याची नजर असते. पूर्वी तो कम्युनियनपुरता तरी आत जायचा आणि शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत थांबायचा. आता रांगेतनं कम्युनियन घेतो आणि बाजूच्या दारानं लगेच ड्युटीवर परततो. एका रविवारी फादरांनी न राहवून विचारलं, काका, तुम्ही तरी आत बसा की.

'फादर, मी भितर बसलंय तर भायर कोण बघतलो?'