ड्रॅगनचा पंचनामा

राक्षस मेला की बाकीचे खेळाडू त्याचं सोनं मोजायला बसतात. आमचा दिवाणजी विचारतो, "आता या मुलखाचा सारा कोण वसूल करणार?"

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' जातीचे खेळ खेळणाऱ्या प्रत्येक कंपूत असा एक नमुना हटकून असतो. खेळ तसा सरळ आहे. चारपाच जणांनी बसायचं. एक योद्धा, एक जादूगार, एक चोर व्हायचं. एकाने गोष्ट सांगत न्यायची आणि घाव लागला की हुकला ते वीस तोंडांच्या फाशाने ठरवायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी 1974 साली हा खेळ बाजारात आणला. तेव्हापासून लोक भुयारात उतरून राक्षस मारतात आणि सुखाने घरी जातात. दिवाणजीला हे सुख बघवत नाही. गोष्ट सांगायची पाळी त्याची असली की भुयाराच्या तोंडाशी जकात नाका असतो.

कोणी कुरकुरलं की तो इतिहास काढतो. भुयारं म्हणे नंतरची. 1969 मध्ये डेव्हिड वेस्लीने 'ब्राउनस्टाइन' खेळवला, त्यात नेपोलियनच्या काळातलं एक गाव होतं आणि प्रत्येक खेळाडूला आपापला मतलब नेमून दिला होता. मंडळी त्याच्या पाठीमागे परस्पर कारस्थानं करायला लागली. वेस्लीला वाटलं खेळ पार बोंबलला. मंडळी म्हणाली, पुन्हा कधी? मग 1984 चा कंपॅनियन संच, त्यात राज्य चालवायचे नियम. मग 1995 चं 'बर्थराइट', त्यात खेळाडू पहिल्या दिवसापासून राजेच. एवढं ऐकेपर्यंत बेळगावातले त्याचे मित्र चपला शोधायला लागलेले असतात. साऱ्याच्या हिशेबाला कंटाळून त्यातल्या एकाने आपल्या योद्ध्याला विहिरीत उडी मारायला लावली. दिवाणजीने वारसाची चौकशी सुरू केली.

पावसाळ्यात तो दिग्गीला येतो. आम्हा दोघा मावसभावांचं ते आजोळ. जोयडा तालुक्यातलं, गोव्याच्या हद्दीलगतचं गाव. पाऊस लागला की माणूस घरात अडकतो, आणि अडकलेला माणूस कुठलाही खेळ खेळतो. मामा, मामी, कॉलेजात जाणारा मामेभाऊ आणि मी असा दरबार भरला. दिवाणजीच्या पिशवीत कपडे कमी आणि वह्याच जास्त होत्या: वंशावळी, सरदारांची वैरं, मिठावरच्या जकातीचे दर.

राज्य त्याने नदीच्या उगमाशी वसवलं होतं. यात प्रतिभेचा भाग थोडा. काळी नदी दिग्गीपाशीच उगम पावते आणि 184 किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. खालच्या अंगाच्या बलाढ्य राज्याचा दूत दरबारात येतो आणि धरणाचा तह पुढे ठेवतो, अशी सुरुवात होती. पुढे विषप्रयोग, फितुरी, एक राजकीय लग्न, सगळं आखून तयार.

"राणीसाहेब, दूत उभा आहे. काय करता?"

"बसायला सांगते," मामी म्हणाली. "आणि बुडणार कोण, ते विचारते."

सुपे गाव धरणात गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, ही गोष्ट ज्या मुलखात जेवताना निघते, तिथे कागदी दूताने धरणाचं नाव काढायला नको होतं. मामा पुढे सरकले. "बदली जमीन कुठली? नकाशावर बोट नको ठेवू. पाणी आहे का तिथे?" दिवाणजी म्हणाला, फासा टाका. मामांना तीन पडले. नियमाप्रमाणे दूत जिंकला.

"जिंकू दे," मामा म्हणाले. "सही करायचा अधिकार आहे का त्याला? पत्र दाखव."

दिवाणजीने वही उलटसुलट चाळली. दूत रिकाम्या हाताने परत गेला. विष तसंच बाटलीत राहिलं.

दुसऱ्या रात्री त्याने बंड आणलं. डोंगराच्या दोन्ही अंगांना तेच टोकदार कानांचे एल्फ, तेच देव, तीच आडनावं. पण पलीकडच्या राजाने त्यांना सवलती दिल्या, अलीकडच्याने नाहीत. या कल्पनेवर स्वारी फार खूश होती. मामेभाऊ म्हणाला, "दादा, ही आपलीच गोष्ट की." गोव्यातले कुणबी 2003 मध्ये अनुसूचित जमातींत आले, जोयड्याच्या कुणब्यांची तीच मागणी जुनी आहे, हे त्याला पाठ होतं. एल्फांचा पुढारीही तोच. तलवारी निघाल्याच नाहीत. निवेदन निघालं, पाच गावच्या सह्यांचं, आणि पुढाऱ्याने राजाकडे त्याची पोच मागितली. दिवाणजीच्या राज्यात पोच द्यायचा नियमच नव्हता. कंदिलाशी बसून त्याने तो लिहिला, शिक्क्याच्या आकारासकट.

माझं मत विचाराल तर इथवर तो सुखात होता. आयुष्यभर हवे होते तसले खेळाडू त्याला भेटले होते. पण तिसऱ्या रात्री अर्धा वेळ देवळात पहिला नारळ कोणाचा यावरच गेला. त्यात राणी आणि सेनापती एकमेकांशी बोलेनासे झाले (खेळात आणि स्वयंपाकघरातही), तेव्हा दिवाणजीचा धीर सुटला. त्याने थेट ड्रॅगन सोडला. राजवाड्यावर आग, पागेत किंकाळ्या, तीन गाई गिळलेल्या.

"उचला तलवारी!" तो ओरडला. "लढा हो कोणीतरी!"

"मारायचं नाही," मामी शांतपणे म्हणाली. "रान राखीव आहे. वाघाला नाही मारत, मग याला कसं?"

"मामी, तो वाडा जाळतोय!"

"गाई कोणाच्या होत्या?" मामांनी चष्मा लावला. "आधी पंचनामा. मग भरपाईचा अर्ज. तुझ्या राज्यात वनखातं कुठे बसतं?"

दिवाणजीने फासा खाली ठेवला आणि म्हणाला, वनखातं नाही.

"मग काढ," मामा म्हणाले. "तोवर त्या जनावराला थांबायला सांग."