आराखडाकार साहेब, आमची पलटण तुमच्या यादीत नाही

राजमान्य राजेश्री आराखडाकार साहेब यांचे सेवेसी,

मुक्काम केळवे, तालुका व जिल्हा पालघर, येथून एका दिवंगत हवालदाराच्या मुलाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपले नाव मला ठाऊक नाही. आपण कुठल्या शहरात, कितव्या मजल्यावर बसता तेही नाही. पण गेली दोन वर्षे आपल्याशी जेवढा संबंध आला, तेवढा सख्ख्या मामाशीही आला नसेल. फौजेतली माणसे, त्यांच्या पलटणी आणि त्यांच्यामागे राहिलेली बायकामुले यांची माहिती ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात, त्याच्या पडद्यावरचे रकाने आपण आखलेत. त्या रकान्यांपुढे मी आणि आई किती वेळा हात जोडून बसलो, हे आपल्या कानी घालावे म्हणून हे पत्र.

पहिले आभार मानतो ते माझ्या वडिलांना आपण बहाल केलेल्या आयुष्याबद्दल. बाबा २००४ साली निवृत्त होऊन घरी आले. सतरा वर्षे पानमळा केला आणि २०२१ च्या पावसाळ्यात गेले. अग्नी मीच दिला. आपल्या दप्तरी मात्र त्यांच्या जुन्या पलटणीतली नेमणूक अजून चालू आहे. नेमणुकीची अखेर म्हणून तिथे तारीख आहे: ३१ डिसेंबर ९९९९.

ही तारीख मी ओळखतो. मी बोईसरला, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. आपल्याच भाऊबंदांनी बांधलेल्या एका सॉफ्टवेअरवर दिवसभर माझे हात चालतात. एखाद्या नोंदीची अखेर कुणी भरली नाही की अशी सॉफ्टवेअरे ही तारीख घालून मोकळी होतात. अर्थ एवढाच, की अजून चालू आहे. आईला मी हे समजावून सांगितले. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्यांना अजून सुट्टी नाहीच दिली का रे?"

साहेब, याचे उत्तर मला देता आले नाही. आपण द्यावे.

दुसरे आभार पलटणीबद्दल. बाबांची पलटण त्यांच्या नोकरीत मध्येच बदलली. नाव बदलले, काम बदलले, टोपीवरचा बिल्ला बदलला. तिचे नाव मी इथे घेत नाही, कारण तिचा काही अपराध नाही. फौजेत असे होतच आले आहे. १९८५ साली उभी राहिलेली २१ मराठा लाइट इन्फंट्री १९९६ मध्ये स्पेशल फोर्सेसची २१ पॅरा झाली. त्याच्या कितीतरी आधी ३ मराठा पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा झाली. वर एका हुकमाने नाव बदलते आणि खाली जवानाच्या नोकरीचे दोन तुकडे पडतात. दोन्ही तुकडे त्याचेच असतात.

आपल्या यादीत मात्र आज हयात असलेल्या पलटणींनाच जागा. बाणावर बोट ठेवले की खाली सर्रकन उलगडणारी ती यादी मी वरपासून खालपर्यंत इतक्यांदा वाचली आहे, की शाळेत पाढे तेवढे वाचले नसतील. त्यात बाबांची जुनी पलटण नाही. ती उघडी राहिलेली नोंद बंद करायची तर आधी पलटण निवडावी लागते. पलटण निवडायची तर ती यादीत हवी. नवे नाव निवडले की लाल अक्षरे उमटतात, "माहिती जुळत नाही". रकाना मोकळा सोडावा तर त्याच्या डोक्यावर लाल चांदणी, म्हणजे भरल्यावाचून पुढे पाऊल टाकायचे नाही. इतका भक्कम चक्रव्यूह आपण एकट्याने रचलात, की आपल्या हाताखाली माणसे होती?

या चक्रव्यूहात आईची फॅमिली पेन्शन पाच महिने अडकून पडली.

आपल्या तत्परतेबद्दलही आभार मानले पाहिजेत. पहिली तक्रार नोंदवली त्याच्या तेराव्या दिवशी मोबाइल वाजला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." आईने देवापुढे साखर ठेवली. मी पडदा उघडून पाहिला, तर यादी तीच, लाल अक्षरे तीच, ९९९९ तेच. तक्रार निकाली निघाली होती, अडचण जागच्या जागी होती. कुणी वाचली, काय वाचून मिटवली, याचा एक शब्द नाही. अशा चार तक्रारी आपण मिटवल्यात. चौथ्या वेळी आईने साखर ठेवली नाही.

आता आपल्याला एक वस्तू दाखवतो. आमच्या माजघरात बाबांची काळी ट्रंक आहे. फौजेतल्या माणसाच्या घरी असते तीच, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव आणि पलटण लिहिलेली. रँक दोनदा खोडून वर चढवली आहे. नाईकचा "ना" अजून हवालदारच्या "ह" खालून डोकावतो. पलटणीची ओळ मात्र बाबांनी खोडली नाही. जुन्या नावावर नुसती बारीक आडवी रेघ मारली, खाली नवे नाव लिहिले आणि बाजूला बारीक अक्षरात महिना आणि साल घातले. ब्रश जाड होता, म्हणून सालातला शेवटचा आकडा ओघळला आहे.

आधी काय होते, नंतर काय झाले, कधी झाले. फौजेचा आराखडा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडून एवढेच तर हवे असते. दहावी शिकलेल्या एका शिपायाने ते रंगाच्या डबीने पत्र्यावर केले.

आमच्या पानमळ्याचा सातबाराही तेच करतो. आजोबांचे नाव गेले, बाबांचे आले, आता आईचे आहे. पण आधीचे नाव तलाठ्याने पुसले नाही. ते कंसात गेले आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लागला. तो क्रमांक घेऊन गेले की कुणाकडून कुणाकडे, कशाच्या आधारे, सगळे निघते. जमिनीच्या तुकड्याला जो मान आहे तो पलटणीला का नसावा? माझ्या स्टोअरमधल्या बोल्टला तो आहे. बारा एमएमचा बोल्ट कुठल्या बॅचचा, कुठल्या तारखेला आत आला, कुठल्या स्लिपवर बाहेर गेला, पाच वर्षांपूर्वीचाही विचारा, अर्ध्या मिनिटात सांगतो. मटेरियलचा कोड बदलला तर जुन्या कोडवरून नव्यावर जाता येते. संध्याकाळी बोल्टचा असा हिशेब मिटवून मी गाडी पकडतो, केळवे रोडला उतरतो, घरी येतो, आणि बाबांचा हिशेब लागत नाही.

आपण म्हणाल, फौजेची गोष्ट गुंतागुंतीची असते. खरे आहे. बाबाच सांगायचे, अटॅचमेंटवर गेलेल्या जवानाची हजेरी एका पलटणीत, रेशन दुसरीत आणि हुकूम तिसऱ्याचा. मंजूर संख्या एक, हाताशी माणसे वेगळीच, त्यातली काही रजेवर, काही कोर्सला, काही इस्पितळात. शांततेच्या काळात कंपनी एका अधिकाऱ्याखाली, मोहिमेवर दुसऱ्याच्या. एका वडाला एकच बुंधा असे धरून चाललात तर हे बसणारच नाही. पण बसवता येते. एसएपी या जर्मन कंपनीने खास संरक्षण दलांसाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडीला "फोर्स एलिमेंट" म्हणतात. तुकडीची माणसे आणि तिचे सामान एकाच आराखड्यात ठेवतात, शांतताकाळची रचना वेगळी आणि मोहिमेची वेगळी ठेवता येते, आणि प्रत्येक नात्याला "केव्हापासून" आणि "केव्हापर्यंत" अशा दोन तारखा असतात. जर्मन फौज एसएपीवरच आपला कारभार चालवते. म्हणजे यंत्राला हे जमत नाही असे नाही. कुणीतरी ते करायचे टाळले.

आणि टाळण्याचे काय होते, हेही जगाने पाहिले आहे. अमेरिकेने आपल्या सैन्यदलांचे पगार आणि नेमणुका एका छत्राखाली आणायला घेतल्या. दशकभर खपून, पन्नास कोटी डॉलरांहून जास्त ओतून २०१० मध्ये ते काम गुंडाळले. त्यांच्या हवाई दलाने रसदीचे असेच एक सॉफ्टवेअर शंभर कोटी डॉलरांच्या वर खर्च करून २०१२ मध्ये बंद केले. त्यावर सिनेटच्या समितीने चौकशी केली आणि २०१४ मध्ये अहवाल काढला. स्वतःच्या जुन्या व्यवस्था कशा चालतात हे नीट समजून न घेताच नवीन करायला निघाले, हा त्यातला एक मोठा दोष. साहेब, आपण कोड लिहायला बसण्याआधी एखाद्या पलटणीच्या क्लार्कशेजारी चार दिवस बसला होतात का? तो तारखेसकट कुठे काय लिहितो, ते पाहिलेत का?

हिशेब लिहिणारा माणूस आमच्याकडे फौजेबरोबर चालत आला आहे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या घोडदळाची बांधणी दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा जुमला, दहा जुमल्यांचा हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. आणि हजारीपाशी मजुमदार, कारभारी, जमेनीस नेमलेले. लिहिणारा तळावरच असे. कोण आला, कोण पडला, कुणाचे घोडे मेले, हे तो डोळ्यांनी पाही. बाबांची रँक त्याच बखरीतली. तेवढ्या जुन्या शब्दाने माणसाला हाक मारता, तर त्याची नोंद ठेवायची रीतही थोडी उचलायला हवी होती.

आमच्या याच किनाऱ्यावर, तारापूरच्या किल्ल्याशी, जानेवारी १७३९ मध्ये मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घरून त्यांच्या आईला पत्र गेले. त्यात तिच्या मुलाचे नाव होते, तो कुठे आणि कसा पडला हे होते, आणि लिहिणाऱ्याला त्याचे दुःख होते. माझ्या आईला आपण तक्रार क्रमांक पाठवलात. चौदा आकडी. तिने तो कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवला आहे.

तिच्या बोटांबद्दल थोडे. हयातीच्या दाखल्यासाठी ती सेवा केंद्रात अंगठा लावते. चाळीस वर्षे पानवेली बांधून, पाने खुडून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र तिला ओळखत नाही. सेवा केंद्रातला मुलगा भला, दर वेळी बोटे पुसून पुन्हा लावतो, सहाव्या-सातव्या वेळी लागतात. पण "अंगठा लागत नाही, माणूस समोर बसला आहे" असे लिहायला त्यालाही आपण जागा ठेवलेली नाही.

हे सगळे मी एकट्यासाठी लिहीत नाही. पहाटे केळव्याच्या समुद्रावर या. सुरूच्या झाडांपासून पार पाणकोटापर्यंत ओल्या वाळूत फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरे धावत असतात. २०२२ पासून भरतीला अग्निपथ योजना आहे. चार वर्षांनी त्यांच्यातल्या शंभरातल्या फार तर पंचवीस जणांना पुढे ठेवतील, बाकीचे परत येतील. म्हणजे नोंदी किती वेगाने उघडतील आणि मिटतील याचा विचार करा. कुणाची पलटण बदलेल, कुणी अटॅचमेंटवर असताना जखमी होईल, कुणाचे लग्न नोकरीत होईल. त्यातली एक नोंद उघडी राहिली, तर वीस वर्षांनी कुणाची तरी आई किंवा बायको आपल्या यादीपुढे बसेल. त्या पोरांना हे माहीत नाही. त्यांना फक्त सोळाशे मीटर किती मिनिटांत झाले एवढेच माहीत आहे.

आईची पेन्शन सहाव्या महिन्यात सुरू झाली, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. पण ती आपल्या यादीने सुरू केली नाही. एका कार्यालयात एक निवृत्तीला आलेले सुभेदार साहेब होते. त्यांनी बाबांचे डिस्चार्ज बुक हातात घेतले, पलटण बदलल्याची ओळ बोटाने शोधली आणि म्हणाले, "ही आमची जुनीच पलटण की." मग त्यांनी वर फोन केला, कागद जोडला, सही केली. नोंद मात्र तशीच आहे. पुढच्या तपासणीत पुन्हा अडेल, हे त्यांनीच सांगितले. आणि ते पुढच्या महिन्यात घरी जाणार आहेत.

म्हणून, साहेब, एकच मागतो. पलटणींच्या यादीत जुन्या पलटणी तारखांसकट ठेवा, आणि अर्जाच्या शेवटी एक रकाना वाढवा. मोठा नको, दोन ओळींचा पुरे. शाळेच्या हजेरीपटात असतो, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात असतो, सातबाऱ्याच्या शेवटी असतो. त्याला शेरा म्हणतात. बाकीच्या रकान्यांत जे बसत नाही ते माणूस तिथे लिहितो, आणि दुसरा माणूस ते वाचतो. तो वाचणारा माणूसही एक नेमा, नावासकट.

बाबांच्या नोंदीपुढे काय लिहायचे ते मी आत्ताच लिहून देतो, म्हणजे आपल्याला तोशीस पडणार नाही: पलटणीचे नाव बदलले, माणूस तोच. नोकरी पूर्ण केली, घरी आला, वारला. पत्नी हयात, मुक्काम केळवे.

कळावे. लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एका हवालदाराचा मुलगा