नळाला आठवड्यानं, भिंतीला चोवीस तास

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या फेरीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. ती गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. त्याच शहरातल्या भाड्याच्या खोल्यांत भिंतींना आपोआप पाणी सुटतं, ते दाखवायला मात्र एकही कॅमेरा गेला नाही. गेल्या ऑगस्टमध्ये भाच्याच्या खोलीवर गेलो. नळ कोरडा, बादली पालथी, आणि कॉटमागची भिंत इतकी ओली की टेकलो तर शर्टाला पुट्टी आली.

"नळाला कधी येतं रे?"

"आठवड्यातून एकदा, मामा."

"आणि भिंतीला?"

पोरगा हसला. नीटची तयारी करणारी पोरं सहसा हसत नाहीत, म्हणून सांगितलं.

घरमालकांना बोलावलं. त्यांनी डॉक्टरसारखा भिंतीवर हात ठेवला आणि निदान केलं, "घाम येऊलालाय भिंतीला, दुसरं काय! तुमची पोरं खोलीत कपडे वाळू घालतात, खिडकी उघडत नाहीत." यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. एका खोलीत तीन कॉट, त्यांवरून आडवी दोरी, दोरीवर ओले टॉवेल, कोपऱ्यात शेगडीवर मॅगी आणि खिडकीत उन्हाळ्यापासून अडकवलेला कूलर. एवढी वाफ जाणार कुठं? पण घाम आणि गळती यांतला फरक कळायला इंजिनिअर लागत नाही. दुधाच्या धुतलेल्या, पुसून कोरड्या केलेल्या पिशवीचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावायचा आणि एक-दोन दिवस थांबायचं. पाणी खोलीच्या बाजूला जमलं तर पोरांचे टॉवेल दोषी. भिंतीच्या बाजूला जमलं तर भिंतच दोषी. आम्ही लावला. भिंतीच्या बाजूला थेंबच थेंब. मालकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "पिशवीच गळकी असंल."

मग मी गच्चीवर गेलो. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावात प्रत्येक गच्चीवर टाक्यांची रांग असते. पाणी आलं की सगळे मोटारी लावतात, कॉक बंद करायला कुणी जात नाही आणि टाक्या ओसंडतात. स्लॅबला उतार नाही, पाणी जाण्याचा पाइप पाल्यानं तुंबलेला, आणि कठडा जिथं स्लॅबला मिळतो तिथं सिमेंटची गोलाई दिलेलीच नाही. पाण्याला आत शिरायला लेखी निमंत्रण द्यायचं तेवढं राहिलं होतं. खाली पलीकडच्या खोलीचं न्हाणीघर नेमकं याच भिंतीला टेकलेलं, त्याचा पाइप आतल्या आत झिरपतो. जमिनीची बाजू आणखी वेगळी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते; जोत्याला तडा जातो आणि ओल वर चढते. त्यात बांधकामाला बोअरचं खारं पाणी मारलेलं असलं की गुडघ्यापर्यंत लोणा फुटतो. रंग लावा, पुन्हा फुटतो. आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही धड नाही, पण भिंतींनी बरोबर साठवलाय. जलसंधारणाचा पुरस्कार द्यायचा तर या खोल्यांना द्यावा.

आमच्या आजोबांच्या माळवदावर मृगाच्या आधी पांढरी माती पडायची. गळतं कुठं, हे आधी शोधायचं आणि मग वरून बुजवायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. दरवर्षी थरावर थर चढला, त्या ओझ्याची किंमत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीकडच्या गावांनी मोजली. तेव्हापासून आपण स्लॅबवर विश्वास ठेवला तो इतका, की वर जाऊन बघणंच सोडून दिलं.

मालक लोकही बघतात, पण आतून. लातूरच्या ट्यूशन एरियाचं एक पंचांग आहे. मे महिन्यात रंगकाम, जूनमध्ये ॲडमिशन आणि डिपॉझिट, ऑगस्टमध्ये पोपडे. म्हणजे पोपडे सुटतात तेव्हा डिपॉझिट मालकाच्या खिशात कोरडं असतं. पुढच्या मेमध्ये पोरगं खोली सोडताना "भिंती खराब केल्या" म्हणून त्यातूनच रंगाचे पैसे कापायचे आणि त्याच रंगानं पुढच्या पोराच्या बापाला खोली दाखवायची. आधी गच्ची, मग बाहेरची भिंत, गिलावा पुरता वाळू द्यायचा आणि शेवटी आतला रंग, हा क्रम गवंड्याला विचारा, तो झोपेतही सांगेल. पण गच्चीवरचा कोबा खोली बघायला आलेल्या बापाला दिसत नाही ना!

कायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 14. दुरुस्ती मालकानं करायची. 15 दिवसांची नोटीस देऊनही केली नाही, तर भाडेकरूनं करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. म्हणजे महिना 4,000 भाडं असेल तर वर्षाला 12,000 पर्यंत. वाचून मला भरून आलं. मग 'करारात उलट काही ठरलं नसेल तर' हे शब्द दिसले. भाच्याचा करार काढला. उलट ठरलेलं होतं, सही माझीच होती. शिवाय त्या कागदावर आम्ही भाडेकरू नव्हतोच, 11 महिन्यांचे परवानाधारक होतो.

आयकराचं औदार्य मालकाच्या बाजूला. मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या घरभाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर एक रुपया घातला की नाही, हे कुणी विचारत नाही. आमच्या मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही भाडं कुठं दाखवतो?"

पण लातूरला आम्ही नांदेडकरांनी फार हसू नये. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले, गोदावरीला पाणी चढलं की सखल भागातल्या कितीतरी घरांत पाणी उंबरा ओलांडतं. पूर ओसरतो, पण भिंतीत मुरलेलं पाणी महिनोन्महिने तिथंच राहतं. त्यावर दिवाळीला रंग मारून 'फॅमिलीला देणे आहे'ची पाटी लागते. एका ओळखीच्यानं अशीच दोन घरं घेतली, गुंतवणूक म्हणून. पैसा अडकला का विचारलं तर म्हणाला, "अडकला नाही, मुरला."

या मेमध्ये भाच्यासाठी नवी खोली बघायला पुन्हा लातूरला गेलो. ताज्या रंगाचा वास, मालक अगदी अदबशीर. एका भिंतीवर देवाचं कॅलेंडर होतं, पण गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी वाकून कोपरा धरला.

"भाऊ, ते तसंच राहू द्या," मालक घाईनं म्हणाले, "वास्तूसाठी लावलंय."